सलगीचा आकडा

श्री. आणि सौ. चौगुले हे नवरा-बायको नसून दोन कचेऱ्या आहेत, असा निकाल यंत्राने दिला तेव्हा शैलजाबाईंना आधी हसूच आलं. यंत्राने अर्थात तो सभ्य भाषेत दिला होता. पुण्यातल्या व्हिसा केंद्राच्या त्या गारठलेल्या खोलीत भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: संबंधाचे स्वरूप, कार्यालयीन. आणि खाली सलगीचा अंक, शंभरात नऊ.

"नऊ म्हणजे फार कमी का हो?" त्यांनी समोरच्या अधिकाऱ्याला इंग्रजीत विचारलं.

अधिकारी गोरा, तरुण आणि स्वभावाने बरा होता. तो ओशाळून म्हणाला, "शेजारी शेजारी दुकानं असलेल्या माणसांचाही वीस येतो, मॅडम. चाळीसच्या पुढे गेलात तर आम्ही लग्न खरं मानतो."

व्हिसासाठी खोटी लग्नं लावण्याचा धंदा इतका बोकाळला होता की फोटो, पत्रिका, दाखले या कशावरच कुणाचा विश्वास उरला नव्हता. म्हणून त्या थंड देशाने हे यंत्र बसवलं. जोडप्याने समोरासमोर बसायचं, दिलेल्या घरगुती विषयावर थोडा वेळ इंग्रजीत बोलायचं, आणि यंत्राने कान देऊन ऐकायचं. मराठीत का नाही, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळे: मराठी माणसं घरात काय बोलतात ते यंत्राला अजून पुरेसं ऐकायला मिळालेलं नाही, मिळालं की कळवू.

चौगुल्यांना विषय आला होता, रविवारचं जेवण. भरतेशराव खुर्चीत ताठ बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "विथ रेफरन्स टू लंच, द अंडरसाइन्ड हॅज नो ऑब्जेक्शन टू आमटी." त्यावर शैलजाबाई उत्तरल्या, "काइंडली कन्फर्म द क्वांटिटी ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स." असं शेवटपर्यंत चाललं. यंत्राने नऊ दिले हीच त्याची दानत म्हणायची.

पण यात त्या दोघांचा दोष तरी काय होता? भरतेशरावांचा सगळा जन्म सांगलीला वीज मंडळाच्या कचेरीत इंग्रजी पत्रांचे मसुदे करण्यात गेलेला. शैलजाबाई मार्केट यार्डाजवळच्या एका हळद निर्यात करणाऱ्या पेढीत परदेशी गिऱ्हाइकांना ईमेल लिहीत. पेढीचं वीजबिल एकदा अव्वाच्या सव्वा आलं, तेव्हा त्यांनी मंडळाला खरमरीत इंग्रजीत तक्रार ठोकली. उत्तर चौगुले साहेबांनी दिलं. त्या उत्तराला उत्तर गेलं. बिल केव्हाच दुरुस्त झालं, तरी पत्रव्यवहार काही थांबेना. भरतेशराव निवृत्त झाले, आणि दुसऱ्याच आठवड्यात मीटर नीट चालतो आहे का हे बघायला म्हणून पेढीत येऊन बसले. ते विधुर, त्या विधवा. दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांनी नाकं मुरडून झाल्यावर गेल्या वैशाखात लग्न झालं. त्यांची इंग्रजी म्हणजे त्यांच्या प्रेमाचीच भाषा होती, फक्त ती सरकारी नमुन्यातली होती.

सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा मुलाखत मिळणार होती. मग मात्र नाही.

शैलजाबाईंच्या मुलीचं, प्रांजलीचं, पहिलं बाळंतपण त्या देशात व्हायचं होतं. आई म्हणून शैलजाबाईंचा व्हिसा मंजूर झालाच होता. अडलं होतं ते भरतेशरावांचं. संध्याकाळी प्रांजलीचा फोन आला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मग तू एकटीच ये ना आई. चौगुले काकांना कशाला उगीच त्रास?"

ही मुलगी आईच्या लग्नाला आली नव्हती. रजा मिळत नाही म्हणाली होती, आणि रजेचं कारण आईने खरं मानलं होतं, म्हणजे मानल्यासारखं केलं होतं. "बघू," एवढंच त्या म्हणाल्या. पण रात्रभर त्यांना एकच लागून राहिलं: मुलीकडे जायचं तर नवऱ्याला मागे ठेवून, आणि नवऱ्याबरोबर राहायचं तर मुलीला त्या बर्फात एकटं टाकून.

भरतेशरावांना मात्र मार्ग दिसत होता. त्यांच्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी तबस्सुम मुजावर कोल्हापूरला विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवायची आणि याच यंत्रावर काम करायची. रविवारी ती आली ती बशीएवढी एक काळी चकती, म्हणजे त्या यंत्राचंच धाकटं भावंड, घेऊनच. विद्यापीठातल्या मुलांनी त्या चकतीचं नाव ठेवलं होतं कानोसा.

"काकू, सोपं आहे की," चहाचा कप बाजूला सारत तबस्सुम म्हणाली. "आपल्याला वाटतं माणूस एकेक शब्द निवडून बोलतो. तसं नसतंय. शब्द घोळक्यानं फिरतात. इंग्रजीत 'आय वॉज वंडरिंग इफ' म्हटलं की पुढं काहीतरी मागणी येणार, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. असे हजारो ठरलेले साचे आहेत. यंत्राला लाखो माणसांची बोलणी ऐकवली. जेवणाच्या टेबलावरची, फोनवरची, गाडीतली. शिवाय पुस्तकं, बातम्या, कचेरीची पत्रं वाचायला दिली. मग त्याला कळलं की लिहायचे साचे वेगळे आणि बोलायचे वेगळे."

"म्हणजे कसे?" भरतेशरावांनी विचारलं. त्यांनी टिपण काढायला पेन उघडलं होतं.

"लिहिलेलं वाक्य म्हणजे प्रवासाची भरलेली बॅग. नामाला नाम चिकटवून गच्च दाबून बसवलेलं. बोलण्यात नामं कमी, मी-तू जास्त. वाक्य मध्येच सुटतं, दुसराच पूर्ण करतो. उत्तरात क्रियापद नसतं. आणि जितकी सलगी जास्त, तितकं वाक्य आखूड. हा खरा शोध. वीस वर्षं संसार केलेलं जोडपं असेल तर एकानं 'अजून?' म्हणायचं आणि दुसऱ्यानं 'मगाशीच', झालं बोलणं. तुमचं तसं नाही. तुम्ही काकूंना काल काय म्हणालात मीठ मागताना?"

भरतेशरावांनी आठवून सांगितलं, "आय शॅल बी ग्रेटफुल इफ द सॉल्ट इज फॉरवर्डेड."

तबस्सुम इतकी हसली की तिला ठसका लागला.

दुसऱ्या दिवसापासून चौगुल्यांच्या घरात सराव सुरू झाला. कानोसा जेवणाच्या टेबलावर मधोमध असायचा आणि त्याच्या पाठीवर आकडा हलायचा. भरतेशराव कष्टाळू विद्यार्थी. बोलण्यात 'यू नो' आणि 'सॉर्ट ऑफ' येतं हे कळल्यावर त्यांनी ते मनावर घेतलं आणि प्रत्येक वाक्यात चौथ्या शब्दानंतर एकेक नेमकं बसवायला सुरुवात केली. आकडा नवावरून सहावर आला.

"यंत्राला नेमकेपणाचाच संशय येतो काका," तबस्सुम फोनवर म्हणाली.

"मग काय, चुकीचं बोलू?"

"बोला की!"

चुकीचं बोलणं हे भरतेशरावांच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं. त्यांनी प्रयत्न म्हणून एकदा बायकोला नुसतं "टी?" असं विचारलं, आणि विचारून झाल्यावर इतके अवघडले की पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात येऊन पूर्ण वाक्यात माफी मागून गेले.

त्यातच एकदा शेजारच्या घोरपडे वहिनी कढीपत्ता न्यायला आल्या. त्यांची इंग्रजी म्हणजे नातवंडांच्या तोंडून कानावर पडलेली, तेवढीच. घरात इंग्रजीच बोलायचं म्हटल्यावर त्यांनाही चेव आला.

"दॅट येलो साडी?" त्यांनी डोळे मोठे करून विचारलं.

"नो! दॅट ओन्ली?" शैलजाबाई पुढे सरकल्या.

"दॅट ओन्ली. विथ दॅट ड्रायव्हर."

"गॉन?"

"गॉन!"

दोघींनी एकमेकींच्या हातावर टाळी दिली. भरतेशरावांनी टेबलाकडे पाहिलं. कानोसावर अठ्ठावन्न होते. "म्हणजे तुमचा संसार घोरपडे वहिनींशी आहे," ते म्हणाले, आणि तिघंही पोट धरून हसली. त्या दिवशी शैलजाबाईंना वाटलं, जमेल. अजून महिना होता, आणि हसत हसत माणूस काहीही शिकतो.

मग ती चूक झाली, आणि ती भरतेशरावांच्या हातून भोळेपणाने झाली. तबस्सुमने सहज विचारलं होतं, काकांचं जुनं इंग्रजी बोलणं कुठे साठवलेलं आहे का, म्हणजे ते मुळात कसे बोलतात ते यंत्राला कळेल. भरतेशरावांची पहिली बायको त्रिशला बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, घरात नवऱ्याशी अर्धंअधिक इंग्रजीच बोलायची. जुन्या घरगुती व्हिडिओंत ती सापडली. भरतेशरावांनी ते कानोसाला ऐकवायला लावले आणि तो तसाच चालू ठेवून भाजी आणायला गेले.

शैलजाबाई टेबल पुसायला आल्या. कानोसातून आवाज येत होते.

"वेअर्स द..." हे भरतेशराव.

"फ्रिज." एक हसरा, बायकी आवाज.

"नॉट..."

"बिहाइंड, बिहाइंड!"

"हां."

आकडा होता एक्काहत्तर.

मेलेल्या बाईचा हेवा करण्याइतकी आपण हलकी नाही, असं शैलजाबाईंना आजवर वाटत होतं. पण हेवा वाटला, आणि चांगला कडकडीत वाटला. त्या कधी न भेटलेल्या बाईबद्दल त्यांना आदर होता, तिच्या फोटोला त्या स्वतः हार घालत. तरी एक्काहत्तर आणि नऊ या दोन आकड्यांमध्ये आपण किती उपऱ्या आहोत ते कुणीतरी मोजून दाखवल्यासारखं झालं होतं. हा माणूस अर्ध्या शब्दात बोलू शकतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. आपल्याशी तसा बोलत नाही, एवढंच.

त्यांनी काही विचारलं नाही. मराठीत असलं काही विचारायला जीभच उचलत नव्हती. या वयात, आणि तेही सवतीवरून! त्या गप्प झाल्या. सराव चालू राहिला, पण आकडा सातावर येऊन बसला तो हलेना. बिचारे भरतेशराव रोज नवा उपाय काढत आणि बायकोचा चेहरा बघून तो परत ठेवून देत. मुलाखतीच्या आदल्या दिवशी शैलजाबाईंनी माळ्यावरून एकच बॅग काढली. भरतेशरावांनी ती पाहिली, फडक्याने पुसून दिली, आणि तिचं एक चाक अडखळत होतं त्याला तेल घातलं.

दुसऱ्या दिवशी दोघं पुण्याला गेली.

खोली तीच होती, अधिकारीही तोच. विषय आला, प्रवासाची तयारी. भरतेशरावांनी सुरुवात केली, "यू नो, द स्वेटर्स," आणि पुढचं त्यांना सुचेना. भिंतीवर आठ आकडा दिसत होता.

तेव्हा शैलजाबाईंना एकदम वाटून गेलं, जे मराठीत विचारता येत नाही ते पेढीच्या इंग्रजीत विचारता येईल. तीस वर्षं त्यांनी त्याच भाषेत मोठमोठ्या व्यापाऱ्यांना धारेवर धरलं होतं. त्यांनी पदर नीट केला.

"डियर सर," त्या म्हणाल्या. "इट हॅज कम टू अवर नोटिस." आणि पुढे जे काही त्या बोलल्या ते इथे मराठीत सांगायला हरकत नाही. त्या म्हणाल्या, पूर्वीच्या पक्षाबरोबरचा आपला आकडा एक्काहत्तर असल्याचे निदर्शनास आले आहे. आमच्याशी तो नऊ आहे. ही तफावत का, याचा कृपया खुलासा करावा. शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फुटला.

 माळ्यावरून एकच बॅग का निघाली होती ते भरतेशरावांच्या आता ध्यानात आलं असावं. ते खुर्चीवरून उठले, कारण बसून बोलण्यासारखं ते नव्हतं.

"मॅडम, आपल्या पृच्छेस अनुसरून," त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. "त्रिशला आणि मी सव्वीस वर्षं एकत्र होतो आणि माझं तिच्यावर फार प्रेम होतं. अखेरच्या काळात आम्ही एकही वाक्य पूर्ण करत नव्हतो. गरजच पडत नव्हती. किल्ली कुठे, फ्रिजवर. जेवलीस का, हो. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की तिला सांगायची पुष्कळ वाक्यं मी मागे ठेवली होती. सांगू कधीतरी, घाई काय आहे, असं धरून चाललो होतो. ती वाक्यं माझ्याजवळच राहिली."

ते थांबले. अधिकाऱ्याने टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हणून आपल्याशी बोलताना मी एकही वाक्य अर्धं सोडत नाही. रोज सकाळी स्वयंपाकघरात येण्याआधी मी दाराबाहेर उभा राहून वाक्य जुळवतो. आकडा कमी आहे याबद्दल दिलगीर आहे. परंतु त्यास सर्वस्वी मीच जबाबदार असून, तो वाढवण्याचा माझा विचार नाही. कळावे."

शैलजाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसूही येत होतं, ते दोन्ही त्यांनी एकाच रुमालाने आवरलं. उत्तर तर द्यायला हवं. त्या म्हणाल्या, "नोटेड विथ थँक्स."

पडद्यावर तीन आकडा उमटला होता. इतका कमी आकडा त्या खोलीत कधी कुणाला मिळाला नसेल.

अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. "या यंत्राने जुनी जोडपी पुष्कळ ऐकली आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "नव्याने प्रेमात पडलेली माणसं आपलं घरातलं बोलणं रेकॉर्ड करून देत नाहीत ना. मी वरती तसं लिहीन. पण आज मला तुम्हाला हो म्हणता येत नाही, सर. चाळीसच्या खाली माझ्या हातात काही नाही. मॅडम, तुमचा पासपोर्ट मात्र तयार आहे. तुम्ही जाऊ शकता."

शैलजाबाईंनी पासपोर्ट घेतला, पर्समध्ये ठेवला, आणि बाहेर येऊन रस्त्यापलीकडच्या रसवंतीत बसल्या बसल्या मुलीला फोन लावला. तिकडे अजून उजाडायचं होतं, पण पोटातल्या बाळाने प्रांजलीची झोप केव्हाच उडवली होती.

"त्यांना नाही म्हणाले. आणि मी एकटी येणार नाही," शैलजाबाईंनी एका दमात सांगून टाकलं.

 पलीकडे प्रांजलीचा आवाज चढला. "म्हणजे माझ्यापेक्षा तुला ते जास्त? आई, मला इथं भीती वाटते गं रोज."

"जास्त-कमी काही नाही. मी अर्धी तिकडं येऊन काय करू सांग? अर्धं लक्ष इकडं राहील. तुला त्याचा काय उपयोग?"

"झालं तरी काय त्या मुलाखतीत?"

शैलजाबाईंनी सांगितलं. दाराबाहेर उभं राहून वाक्य जुळवण्याचं सांगताना त्यांना पुन्हा भरून आलं. शेजारी भरतेशराव उसाचा रस समोर ठेवून, आपलं काही ऐकू येत नाही असा चेहरा करून बसले होते. त्यांचे कान मात्र लाल झाले होते.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आई, बाबा तुझ्याशी कधी पूर्ण वाक्य बोलले होते का गं?"

"तुझे बाबा? दुकानातनं नुसते ओरडायचे, 'च्या!'" शैलजाबाई म्हणाल्या, आणि मायलेकी दोन खंडांत एकदमच हसायला लागल्या. चांगला माणूस होता तो. पण खरं ते खरं.

हसणं ओसरल्यावर प्रांजली म्हणाली, "डॉक्टरांनी अजून महिनाभर विमानाला परवानगी दिलीय. पहिलं बाळंतपण माहेरी करतात ना आपल्यात? मग मीच येते की. तुम्हीच सगळ्यांनी व्हिसाचं खूळ डोक्यात घेतलंत, आणि मीही घेतलं."

"अगं, पण तुझी नोकरी, तिथलं दवाखान्याचं..."

"आई. येते. त्यांना दे फोन."

शैलजाबाईंनी फोन नवऱ्यापुढे धरला. भरतेशराव उठून उभे राहिले. रसाचा ग्लास बाजूला ठेवला, शर्ट खाली ओढला. या मुलीशी ते आजवर दोनदाच बोलले होते, दोन्ही वेळा शुभेच्छा देण्यापुरतं.

"नमस्कार. आपल्या आगमनाच्या संदर्भात सर्वप्रथम मी असे नमूद करू इच्छितो, की..."

"काका, वाक्य घरी आल्यावर पूर्ण करा. मी ऐकेन, शेवटपर्यंत," प्रांजली म्हणाली. "आत्ता मला फक्त एवढं सांगा. मी एवढं पोट घेऊन मुंबईला उतरणार. विमानतळावर न्यायला कोण येणार?"

भरतेशरावांनी सवयीप्रमाणे श्वास घेतला, मनात काहीतरी जुळवायला घेतलं, आणि ते तसंच सोडून दिलं.

"मी," ते म्हणाले.